बेन नेव्हिस, मागच्या वाटेने

कळसूबाई १,६४६ मीटर आणि ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले, तर सह्याद्रीत मुरलेल्या ट्रेकरला स्कॉटलंडचा हा डोंगर किरकोळ वाटेल. पण बेन नेव्हिसची चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि माथ्यावरचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त. आपल्याकडे एवढा पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथे तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो.

फोर्ट विल्यम गावाजवळच्या ग्लेन नेव्हिस खोऱ्यातून माथ्यावर एक रुळलेली वाट जाते. माथ्यावर वेधशाळा बांधायची म्हणून १८८३ साली ती तट्टांसाठी काढली गेली. बहुतेक लोक तिनेच चढतात. दमवते, पण चुकवत नाही. डोंगर खऱ्या अर्थाने बघायचा, तर उत्तरेकडून टॉरलंडीहून निघावं, आधी शेजारचं १,२२० मीटरचं कार्न मोर जेरॅक गाठावं आणि तिथून दोन शिखरांना जोडणाऱ्या धारेवरून बेन नेव्हिसवर जावं.

अंतर सुमारे १७ किलोमीटर, एकूण चढ दीड हजार मीटरच्या घरात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला होता: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. तो आजही वापरात आहे. त्या हिशेबाने ही फेरी सहा तासांत व्हायला हवी. पण नेस्मिथने गृहीत धरलेला माणूस धडधाकट आहे, फोटो काढत नाही आणि धोंड्यांवर बिचकत नाही. सर्वसाधारण चालणाऱ्याने नऊ-दहा तास धरावेत. जूनमध्ये याची चिंता नाही, रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र दिवस सात तासांहूनही लहान, आणि तेव्हा बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन वापरता येत नसतील तर इकडे फिरकूच नये.

सुरुवातीला झाडी, मग ओढ्याकाठची चाल, आणि मग डावीकडे सुटणारा उभा, कंटाळवाणा चढ. गवत, दलदल, घसारा, पुन्हा घसारा. कौतुक करावं असं इथे काही नाही. बक्षीस वर आहे. कार्न मोर जेरॅकच्या माथ्यावर पोचलं की समोर बेन नेव्हिसची उत्तर बाजू उभी राहते. सुमारे ६०० मीटरचे काळपट कडे, त्यांत उतरलेल्या नाळी आणि त्यांत उन्हाळ्यातही कधीकधी टिकून असलेला बर्फ. ग्लेन नेव्हिसच्या वाटेने येणाऱ्यांना हे दृश्य दिसतच नाही. पायाखालचा दगड लालसर ग्रॅनाइट आणि समोरचा काळा, यालाही कारण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी होता. त्याच्या लाव्ह्याचा मोठा तुकडा खालच्या वितळलेल्या खडकात खचला, भोवतीचा रस थंड होऊन ग्रॅनाइट झाला आणि तो तुकडा तेवढा शाबूत राहिला. तोच आजचा माथा.

मग धार. कोयत्यासारखी वळत गेलेली, दीडेक किलोमीटरची. दोर लागत नाही. स्क्रँबलिंगच्या श्रेणीत ती सर्वांत सोप्या पहिल्या पायरीवर बसते. पण हात वापरावे लागतात आणि दोन्ही बाजूंचं दृष्टिभय सतत सोबतीला असतं. मोठाले धोंडे एकमेकांवर रेललेले. एखाद्यावर पाय टाकण्याआधी तो डुगडुगतो का ते बघायचं, पाठपिशवी मागच्या खडकाला अडकत नाही ना तेही बघायचं. खरबरीत ग्रॅनाइट कोरडं असताना बुटाला छान पकडतं. वारा जोराचा असेल तर मात्र हीच सोपी धार सोडून मागे फिरलेलं बरं. धार संपली की शेवटचा तीनशे मीटरचा चढ, तोही निव्वळ धोंड्यांचा.

माथ्यावर वेधशाळेचे अवशेष दिसतात. तिच्या आधी, १८८१च्या उन्हाळ्यात, क्लेमंट रॅगी रोज डोंगर चढून हवामानाच्या नोंदी घ्यायचा आणि त्याच वेळी त्याची पत्नी खाली फोर्ट विल्यमला नोंदी घेत असे. वेधशाळा १९०४ साली बंद पडली. पण १८९४ साली काही दिवस इथे काम केलेल्या सी. टी. आर. विल्सनला माथ्यावरच्या ढगांत दिसलेल्या प्रकाशवलयांनी झपाटलं. प्रयोगशाळेत ढग तयार करण्याच्या त्या खटपटीतून ‘क्लाउड चेंबर’ आलं, आणि १९२७ साली नोबेल.

विल्सनला पावलेले हे ढग उतरणाऱ्याच्या मात्र जिवावर उठतात. माथा सपाट आहे आणि दाट धुक्यात कड्याची कड कळत नाही. उजवीकडे गार्डीलू घळ, जिच्यात वेधशाळेचे लोक कचरा लोटत. डावीकडे फाइव्ह फिंगर घळ, जिने अनेकांचे बळी घेतलेत. म्हणून होकायंत्राचे दोन आकडे इथे पाठच असावे लागतात: त्रिकोणमितीच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. हे अंश नकाशावरच्या उत्तरेपासूनचे आहेत, चुंबकीय फरक आपण जुळवून घ्यायचा. वाट चुकलीच तर लोखाबर माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक येतात, एक पैसाही न घेता. पण वाईट हवेत त्यांना पोचायला तासन् तास लागतात.

खाली तळ्याजवळ वाट फुटते. रुळलेली वाट ग्लेन नेव्हिसला उतरते आणि गाडी तर टॉरलंडीला उभी. मग पुन्हा दलदल तुडवत उत्तरेकडे, सकाळच्या ओढ्यापर्यंत. उन्हाळ्याची वाराहीन संध्याकाळ असेल तर मिज नावाची चावरी चिलटं तिथे थव्यांनी हजर असतात. त्यामुळे एरवी पाय ओढत चालणारी माणसंही शेवटचा टप्पा भराभर उरकतात.