कयाधूकाठच्या कॉलेजात हवामानाचं काम कोणी उचलायचं?

आजचा विषय हिंगोली जिल्ह्यातला. 'पर्यावरण समिती' बहुतेक कॉलेजांत कागदावर असतेच. ५ जूनला रोपं लागतात, फोटो निघतात, अन् पुढच्या मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसतं. कारण साधं आहे: मुलं तीन वर्षांत पदवी घेऊन जातात, उत्साही सर-मॅडमकडे दुसरी जबाबदारी येते.

म्हणून मी म्हणतो, नवीन मंडळ काढूच नका. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आहे ना! स्वयंसेवकाचे दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. हे सगळे तास एकाच कामाला लावा. कयाधू वाशिमकडून येते आणि हिंगोलीवरून पुढे जाऊन पैनगंगेला मिळते. तिच्या काठचं एक गाव धरा, दहा विहिरी ठरवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये दोरीला वजन बांधून पाणी किती खोल गेलंय ते मोजा, वहीत लिहा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्यांना शिकवायचं अन् वही त्यांच्या हाती द्यायची. गटप्रमुख शक्यतो मुलगी असावी. उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जायची पाळी घरात तिच्यावरच येते.

कॉलेजचं छतही मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पडला की झाले ५०,००० लिटर. थोडं उडून-सांडून जाईल ते सोडा. हा हिशेब घेऊन प्राचार्यांकडे गेलात, तर पन्हळ-पाइपच्या खर्चावर निदान बोलणं तरी सुरू होईल.