गाडी उभी आहे, पण गाडीवर माणूस आहे का?



आज बोलू या १०८ च्या गाडीबद्दल. हा नंबर आता घरातल्या लेकरांनाही पाठ आहे. बाळंतपणाच्या कळा असोत, केळीच्या बागेत साप चावलेला असो की हायवेवरचा अपघात, आपण आधी १०८ लावतो. पण कधी पलीकडून उत्तर येतं, "जवळची गाडी नाही, लांबून पाठवतो." आणि गाडी तर आपल्या दवाखान्याच्या आवारात उभी दिसते! अशा वेळी गाडी बिघडलेली असू शकते. पण आणखी एक कारण असतं, ते आपल्याला कुणी सांगत नाही. त्या पाळीला गाडीवर माणूसच नसतो.

आधी ही सेवा समजून घेऊ. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्या ठरल्या. त्यातल्या २३३ मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारं यंत्र असलेल्या. बाकी ७०४ गाड्यांत ऑक्सिजन आणि सुरुवातीच्या उपचारांची सोय. आपला फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. आपल्या राज्यात या गाडीत चालकासोबत डॉक्टरही असतो. चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात.

म्हणजे एका गाडीला दोन माणसं पुरतात का? नाही. बचत गटात आपण हिशेब करतो, तसाच करून बघू. दिवसाचे २४ तास, आठवड्याचे १६८ तास. गाडी चालवणाऱ्या कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. त्यात साधारणपणे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. १६८ ला ४८ ने भागा, साडेतीन येतात. सुट्टी, आजारपण धरलं तर एका गाडीला चार चालक हवेत. तितकेच डॉक्टर. म्हणजे एका गाडीमागे आठ माणसं!

आता चारातले दोन चालक सोडून गेले, तर उरलेले दोघे बारा-बारा तास ओढतात. आठवड्याला ८४ तास होतात, आणि सुट्टी एकही नाही. त्यातला एक तापाने पडला की ती पाळी रिकामी. आणि झोप न झालेला माणूस रात्री सातपुड्याच्या वळणावर गाडी चालवतो, त्यात आपली लेक असते.

माणसं टिकत का नाहीत? नोकरी कंत्राटी, रात्रपाळी, पगार तुटपुंजा. तरुण डॉक्टर पुढे शिकायला जातात किंवा स्वतःचा दवाखाना टाकतात.

कुणी म्हणेल, मग हेलिकॉप्टर आणा. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२४ पासून सरकारी हवाई रुग्णवाहिका आहे. चांगलीच गोष्ट. पण त्यालाही वैमानिक, डॉक्टर, नर्स आणि दुरुस्ती करणारे लागतात, आणि अशी माणसं तर आणखी दुर्मिळ. शिवाय पाड्यावरून हेलिकॉप्टरपर्यंत न्यायला पुन्हा आपली १०८ च लागणार.

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांतही बाई दगावू शकते. शिरपूरहून धुळ्याचं मोठं सरकारी रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर. पाड्यावरून शिरपूरला येण्याचा वेळ वेगळाच. यात लांबची गाडी येईपर्यंत तासभर गेला, तर हातात काय उरतं?

म्हणून गटाने चार गोष्टी कराव्यात.

पहिली, सातव्या महिन्यापासून प्रत्येक गरोदर बाईच्या घरी कागद लावा: १०८, १०२, आशाताईंचा नंबर आणि गावातल्या दोन खाजगी गाडीवाल्यांचे नंबर. गरोदर बाईला आणि आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत नेण्या-आणण्याचा हक्क २०११ पासून आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम त्याचं नाव.

दुसरी, फोन कधी लावला, गाडी कधी आली, ते वहीत लिहा. "गाडी उशिरा येते" या बोलण्यापेक्षा वहीतल्या दहा नोंदी जड भरतात.

तिसरी, ती वही ग्रामसभेत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवा. गाड्या किती, एवढंच विचारू नका. आपल्या गाडीवर चालक किती, डॉक्टर किती, गेल्या महिन्यात किती पाळ्या रिकाम्या गेल्या, हे विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

चौथी, गाडीवर आलेल्या माणसावर राग काढू नका. तो आला आहे, कदाचित चौदाव्या तासाला आला आहे. त्याला पाणी द्या, आणि त्याच्या जोडीला माणूस का नाही, हा सवाल वर विचारा.

नवी गाडी आली की नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या वेळी नारळ फोडणाऱ्यांना आपण एवढंच विचारू या, "साहेब, रात्री दोन वाजता ही कोण चालवणार?"

राम राम.