नाण्याचें संपुट आणि तें फोडण्याची रीत

खराडी (पुणें) येथील एका संग्राहकाकडे अलीकडे तांब्याची एक शिवराई आमच्या पाहण्यांत आली. नाणें प्लॅस्टिकच्या चपट्या संपुटांत बंद होतें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा लेख दिसत होता. परंतु ‘शिव’ यांतील ‘व’ नाणें धरून ठेवणाऱ्या दांत्याखालीं झांकला गेला होता, आणि वजन घेण्यास तर मार्गच नव्हता. याच लेखाची शिवराई शिवछत्रपतींच्या मागूनही दीर्घकाळ पाडली जात होती, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां तिचा काळ ठरवावयाचा तो अक्षरांच्या वळणावरून व वजनावरून; आणि नेमक्या याच गोष्टी संपुटानें अडवून धरल्या होत्या.

अशीं संपुटें वापरण्याचा प्रघात अमेरिकेंतील पी. सी. जी. एस. (१९८६) व एन. जी. सी. (१९८७) या प्रतवारी करणाऱ्या संस्थांनीं रूढ केला. नाणें पारखून त्यास १ ते ७० पैकीं अंक देतात, तें कड्यांत बसवितात, आणि कठीण प्लॅस्टिकचीं दोन दळें श्रवणातीत ध्वनिलहरींनीं कडेस सांधतात. हेतु हा कीं, संपुट उघडल्यास त्याची खूण राहावी. म्हणून तें फोडतांच प्रतीचा अंक व हमी दोन्ही संपतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तु ठरत असल्यानें तें पुन्हां परीक्षेसाठीं परदेशीं धाडण्याचा विचारही करूं नये. केवळ हौसेखातर संपुट फोडूं नये, हें आमचें स्पष्ट मत आहे.

फोडणें अवश्यच असेल, तर प्रथम दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत व चिठीवरील क्रमांक उतरून ठेवावा. डोळ्यांस चष्मा व हातांत जाड मोजे घालावे. संपुट जाड पंचांत गुंडाळून उभें धरावें, आणि नाण्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यावर, म्हणजे बहुधा चिठीच्या बाजूस, हातोडीनें हलके ठोके द्यावे. सांधा सुटल्याचा आवाज येतांच थांबून त्या फटींत चपटा पेचकस घालावा व तो हळूच पिळावा. त्याचें टोंक नाण्याच्या दिशेस जाऊं देऊं नये. दळें वेगळीं झाल्यावर कड्यासह नाणें मऊ कापडावर घ्यावें व बोटांनीं कडें वांकवून तें सोडवावें. करवत वापरूं नये, कारण भुसा नाण्यावर बसतो. उष्णता देऊं नये. ॲसिटोनसारखीं द्रव्येंही वापरूं नयेत. प्लॅस्टिक विरघळून नाण्यास चिकटतें. पूर्वीं एकदां आम्हीं घाईनें संपुटाच्या मध्यावरच हातोडी मारली, आणि एका अंकुशी रुपयावर कायमचा ओरखडा उमटला. तो दोष सर्वस्वीं आमचाच होता.

बाहेर आलेलें नाणें कडेनेंच धरावें. चिंच, राख वा रांगोळी यांनीं तें घांसणें म्हणजे त्याचा इतिहासच पुसून टाकणें होय. मऊ पी. व्ही. सी. च्या पाकिटांत तें ठेवूं नये; कालांतरानें त्यांतून हिरवट चिकट द्रव्य सुटतें व तांबें खाऊं लागतें. आम्लरहित कागदाचें पाकीट चांगलें. पावसाळ्यांत दमट हवेपासून विशेष जपावें.

शेवटीं चिठीविषयीं. ती कचऱ्यांत टाकूं नये. रुमालांतून सुटलेला कागद कोणत्या दफ्तराचा, हें मागाहून सांगतां येत नाहीं, याचा अनुभव पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या प्रत्येकास आहे, नाण्याचेंही तसेंच. चिठी, छायाचित्रें व संपुट फोडल्याची तारीख नाण्याजवळच ठेवावी.

खराडीची शिवराई या रीतीनें निर्विघ्न बाहेर आली. ‘व’ वाचला, वजन टिपलें. काळाचा निर्णय इतर शिवरायांशीं ताडून पाहिल्यावरच करणें युक्त. परंतु आतां तो करण्यास साधन तरी हातीं आलें आहे.