परवाना एकच, मोटारसायकल कितीही ताकदीची. नवख्या दुचाकीस्वारांबाबत कायदा काय सांगतो?

म्हैसूर : परवाना नुकताच हाती आलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाने किती ताकदीची मोटारसायकल चालवावी, यावर भारतीय कायद्यात कोणतीही मर्यादा नाही. शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी उत्तीर्ण झालेला उमेदवार त्याच परवान्यावर हजार सीसीची मोटारसायकल रस्त्यावर आणू शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. त्यामुळे परवान्याच्या या रचनेकडे गांभीर्याने पाहणे आवश्यक ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये मोटारसायकलींचे ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअर असलेली’ असे दोनच वर्ग आहेत. इंजिनाच्या क्षमतेची अट केवळ कलम ४ मध्ये, वयाच्या संदर्भात आढळते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालविता येते. त्यासाठी शिकाऊ परवाना घेताना पालकांची लेखी संमती लागते. कायदा झाला तेव्हा ‘लुना’सारख्या मोपेड घरोघरी होत्या. आज या क्षमतेच्या पेट्रोल दुचाकी बाजारात जवळपास उरलेल्या नाहीत. परिणामी ही सवलत मुख्यतः कागदावरच आहे.

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनीच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीवर लाल रंगातील ‘एल’ अक्षराची पाटी लावणे बंधनकारक आहे आणि प्रशिक्षकाखेरीज अन्य कोणाला मागे बसविता येत नाही. चाचणी उत्तीर्ण होताच ही बंधने संपतात.

मर्यादा घालायचीच झाल्यास ती इंजिनाच्या क्षमतेवर असावी की शक्तीवर, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हैसूरच्याच औद्योगिक इतिहासात सापडते. येथील ‘आयडियल जावा’ कारखान्यातून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी मोटारसायकली बाहेर पडत. त्यांपैकी २५० सीसी वर्गातील ‘येझदी रोडकिंग’ सुमारे १६ अश्वशक्ती देत असे. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी २०० सीसी वर्गातील ‘केटीएम ड्यूक’ २०१२ मध्ये सुमारे २५ अश्वशक्तीसह बाजारात आली. म्हणजे इंजिन लहान, पण शक्ती दीडपट. केवळ सीसी पाहून गाडीचा वेग आणि धोका जोखता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

युरोपीय संघाने त्यामुळेच शक्ती हाही निकष मानला आहे. तेथे १९ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ‘ए१’ परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची, तर ‘ए२’ परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतची मोटारसायकल चालविता येते. ३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. गाडीच्या वजनाच्या तुलनेत शक्ती किती असावी, याचीही मर्यादा आहे. ‘ए२’चा दोन वर्षांचा अनुभव घेतल्यानंतर किंवा थेट २४ व्या वर्षी अमर्याद शक्तीचा परवाना मिळू शकतो.

२०१३ मध्ये आलेली ‘ड्यूक ३९०’ सुमारे ३२ किलोवॅटची, म्हणजे ‘ए२’च्या चौकटीत बसणारी होती. चाकणमध्ये तयार झालेली हीच गाडी चालविण्यासाठी युरोपातील तरुणाला विशिष्ट टप्प्याचा परवाना लागतो. पुणे किंवा म्हैसूरमधील तरुणाला मात्र गिअरच्या दुचाकीचा साधा परवाना पुरतो.

भारताने शक्तिशाली दुचाकींबाबत काही अटी घातल्या आहेत. मात्र त्या उत्पादकांसाठी आहेत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ‘एबीएस’ ही चाक जाम होऊ न देणारी ब्रेक प्रणाली सक्तीची झाली. चालकाच्या अनुभवाशी या अटीचा संबंध नाही.

विजेवरील दुचाकींना मात्र शक्तीचाच निकष लागतो. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाड्यांना विहित अटींवर परवान्यातून सूट आहे. त्याहून अधिक शक्तीच्या गाड्यांना ती लागू नाही.

टप्प्याटप्प्याचा परवाना भारतात आला, तरी बहुसंख्य कुटुंबांना त्याची झळ बसण्याची शक्यता कमी आहे. सर्वाधिक वापरातील १०० सीसी वर्गातील दुचाकींची शक्ती साधारण आठ अश्वशक्ती, म्हणजे युरोपातील पहिल्या टप्प्याच्याही निम्म्याच्या आसपास असते. बंधन येईल ते प्रामुख्याने पहिलीच गाडी म्हणून वेगवान मोटारसायकल घेणाऱ्यांवर.

तोपर्यंत गाडीची निवड ही कुटुंबाचीच जबाबदारी राहते. मूल अल्पवयीन असल्यास ती कायदेशीरही आहे. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ नुसार, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.