आणणे एकीकडून, पाठविणे दुसरीकडे

कारकुनाने केलेली नोंद अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय पक्की होत नाही, हे आम्हा बँकेतील मंडळींना रोजचेच आहे. संगणकावर अनेकांनी मिळून करावयाच्या कामातही हाच दंडक आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी 'गिट' तयार केले. कोणता फेरबदल कोणी, केव्हा केला, याची ती नोंदवहीच होय.

एक उदाहरण घेऊ. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' ही अक्षरमालिका मुक्त परवान्याखाली खुली केली. तिच्या देवनागरीतील एखादे जोडाक्षर धाराशिवच्या विद्यार्थ्याला सुधारावयाचे आहे. मूळ भांडार त्याला वाचता येते, पण त्यात लिहिता येत नाही. म्हणून तो स्वतःच्या खात्यात त्याची प्रत, म्हणजे 'फोर्क', करतो. ताजे बदल मुळातून आणावयाचे, आपले बदल प्रतीत पाठवावयाचे आणि मग चालकांना 'पुल रिक्वेस्ट' करावयाची.

येथे अनेकजण एकाच रिमोटला आणण्याचा एक आणि पाठविण्याचा दुसरा पत्ता देतात. ते योग्य नव्हे. ही सोय एकाच भांडाराच्या दोन वाटांसाठी आहे. भांडारेच वेगळी असली, तर पाठविलेला बदल मुळात पोचल्याचे गिट आपल्याकडे दाखविते. प्रत्यक्षात तो तेथे नसतो. पासबुकात रक्कम, खात्यात नाही, असा हा प्रकार!

म्हणून दोन रिमोट ठेवावेत. आपली प्रत उतरवून घेतली की ती 'ओरिजिन' होते. पुढील आज्ञा रोमन अक्षरांत द्याव्यात. 'गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम' आणि पुढे मूळ पत्ता. मग 'गिट फेच अपस्ट्रीम'. मुख्य शाखा 'मेन' असल्यास 'गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू=अपस्ट्रीम/मेन'. शेवटी 'गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन', ही सोय २०१३ पासून आहे. आता नुसते 'गिट पुल' मुळातून आणील आणि 'गिट पुश' प्रतीत पाठवील. 'गिट रिमोट -व्ही' देऊन पत्ते पडताळावेत.

या कामास ओळखपाळख लागत नाही. बदल चोख असेल तर तो स्वीकारला जातो आणि करणाऱ्याचे नाव नोंदीत कायम राहते. आपल्या मुलामुलींची नावे त्या वहीत यावीत, एवढीच आमची अपेक्षा.