भातकापणीचे दिवस आणि लाल विंचू

विळ्याला धार लावून झाली असेल, अंगणही सारवायला काढलं असेल. म्हणून आज बोलू या कापणीच्या दिवसांबद्दल, आणि या दिवसांत आपल्या महाड-पोलादपूर भागात बाईमाणसाने कशाला जपायचं, त्याबद्दल.

दसऱ्याला दाराला नवं बांधलं, भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूची फुलं, आंब्याचा टाळ, की आपला दिवस बदलतो. चार महिने घरात ओल होती, चूल धुमसत होती. आता सावित्री आणि गांधारी आपापल्या पात्रात परत गेलेल्या असतात, पायवाटा उघड्या होतात आणि डोक्यावर ऊन येतं. हे ऊन उन्हाळ्यापेक्षा जास्त का लागतं? आभाळ मोकळं झाल्यामुळे सूर्य सरळ तापतो, आणि जमीन मात्र अजून ओली असते. त्या ओलीची वाफ हवेत राहते, घाम वाळत नाही, म्हणून जीव घाबरा होतो. तीच वाफ दुपारनंतर वर जाते आणि आंबेनळी, वरंध घाटाच्या बाजूने काळे ढग जमतात. सकाळी लख्ख, संध्याकाळी गडगडाट. हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा पाऊस तो हाच. कापलेलं भात शेतात पसरलेलं असताना तो आला, तर दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षभराची मेहनत काळी पडते. त्यामुळे या दिवसांत कोणी कोणाला निवांत बस म्हणत नाही.

कापायचं कधी, हे आपल्या सासवा लोंबी बघून सांगत. हळवं भात आधी तयार होतं, निमगरवं त्यामागून, आणि गरवं दिवाळीच्या सुमाराला किंवा नंतर. कृषी खात्याची माणसंही साधारण तेच सांगतात: लोंबीतले शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले, खालचे थोडे हिरवट राहिले, की विळा घालावा. सगळी लोंबी खडखडीत वाळायची वाट पाहिली तर दाणे शेतातच गळतात, आणि गिरणीत तांदळापेक्षा कणीच जास्त पडते. त्याआधी आठ-दहा दिवस खाचरातलं पाणी सोडून द्यावं, म्हणजे जमीन आवळते आणि पाय रुतत नाहीत. झोडणी झाली की भात ऊन देऊन कणगीत भरायचं. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर तो वाळला. दबला तर अजून एक दिवस ऊन हवं, नाहीतर कणगीत बुरशी धरते.

आता मुंबईहून माणसं चार दिवसांची रजा काढून येतात, कोणाची रजा मिळतही नाही. बाकीची कापणी बायकाच उरकतात, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. पहाटे भाकऱ्या थापायच्या, गुरांचं बघायचं, तान्हं मूल असेल तर कडेवर घेऊन निघायचं आणि शेताच्या कडेला झाडाखाली त्याला चादरीवर निजवायचं. दिवसभर वाकून कापणी, संध्याकाळी भारे डोक्यावर. खळ्यावर उडवी रचेपर्यंत अंधार पडलेला असतो.

नेमक्या याच कामांत विंचवाची गाठ पडते. आपल्याकडे विंचू चावण्याचे दोन हंगाम: एक एप्रिल ते जून, दुसरा हा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. उबाऱ्याच्या रात्री तो भक्ष्य शोधायला बाहेर पडतो, आणि दिवसा जिथे फट मिळेल तिथे दडतो. जांभ्याच्या चिऱ्यांची रास, बांधाचे दगड, लाकडांचा ढीग, शेणींची रास, पेंढा, कौलांखालची वळचण, खुंटीवरची चोळी, मुलाची चप्पल. आपण हात घालतो त्या सगळ्या जागा. भारा उचलताना, शेणी काढताना, पेंढा ओढताना तो बोटालाच नांगी मारतो.

विंचू दोन तऱ्हेचे दिसतात. मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू बघून आपली गाळण उडते, पण त्याचं विष बहुधा ठणक्यावर भागतं. लहानसा, तांबूस-पिवळट, बारीक नांग्यांचा लाल विंचू हा खरा घातकी, आणि कोकणात तो भरपूर आहे. एकेकाळी त्याच्या दंशाने आपल्या भागातली धडधाकट माणसं आणि लहान मुलं पहाट व्हायच्या आत जात. मांत्रिकाकडे न्या, दवाखान्यात न्या, शेवट तोच व्हायचा, कारण डॉक्टरांनाही नक्की उपाय माहीत नव्हता.

तो उपाय सापडला तो मोठ्या शहरात नाही, आपल्या महाडात. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेला रोगी आला की ते त्याच्या खाटेजवळ बसून राहत, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास सगळं लिहून ठेवत. त्यातून त्यांना दिसलं की माणूस ठणक्याने मरत नाही, हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून मरतो. ही निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी यावर लागू पडते, हे त्यांनी रोग्यांवर उपचार करून दाखवलं, आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण अगदी खाली आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या संशोधनात वाटा आहे, हे आपण बायकांनी आवर्जून लक्षात ठेवावं, कारण ते नाव मागे राहतं. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मकथन गटात एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं असं आहे.

गोळी काम कशी करते, तेही समजून घेऊ. माणूस खूप घाबरला की अंगात एक रस सुटतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. लाल विंचवाच्या विषाने हाच रस बेसुमार सुटतो. रक्ताच्या नळ्या आवळल्या जातात. आवळलेल्या नळीतून पाणी ढकलताना पंपावर ताण यावा तसा हृदयावर ताण येतो, शेवटी ते थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. प्राझोसिन या नळ्या सैल करतं. वेळेवर पडलं तर हृदय थकण्याआधीच भार उतरतो, उशीर झाला तर तेवढा उपयोग होत नाही. विंचवाच्या विषावरची लसही आता आहे. ती प्राझोसिनबरोबर दिली तर रोगी लवकर सावरतो, हेही महाडमध्येच झालेल्या अभ्यासात दिसलं आणि २०११ साली छापून आलं.

मग ओळखायचं कसं? नुसता ठणका असेल तर ती जागा दुखेल, माणूस ओरडेल, पण बाकी बरा राहील. धोका असतो तेव्हा अंघोळ केल्यासारखा घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. पुरुषाच्या किंवा मुलग्याच्या लिंगाला ताठरता येते. हे सांगायला घरातले लाजतात, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ती मोठी खूण आहे, न लाजता सांगावी. पुढे खोकला, धाप, आणि तोंडाला गुलाबी फेस. आणखी एक गोष्ट फसवते. विष अंगभर भिनलेलं असताना चावल्या जागी ठणका कमीसुद्धा असतो. पोर रडायचं थांबलं, गप्प पडून घामाघूम झालं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. लहान मुलांना धोका सर्वांत जास्त, कारण अंग लहान आणि विष तेवढंच.

अशा वेळी कापणं, डागणं, आवळून बांधणं, पाला चोळणं, चूना लावणं यात वेळ जातो, विष उतरत नाही. रोग्याला आडवं ठेवून थेट दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा. जागा धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवायला हरकत नाही. प्राझोसिन घरात आणून ठेवावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. आमचं म्हणणं, नको. पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ती गोळी आणि सापाची लस आहे ना, एवढं मात्र कापणीआधी गटाने जाऊन विचारून यावं. डोंगरातल्या वाडीवर तर रात्री गाडी कोण काढेल हेही आधीच ठरलेलं बरं. दोन जीपवाल्यांचे नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले तरी चालतील, मोबाइलची बॅटरी गेली तरी ते दिसतात.

सापाबद्दल थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी. फुरसं कातळावर आणि दगडांच्या बांधात असतं, कापणीत पायाला चावतं. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते आणि दुखतही नाही. सकाळी पापण्या जड, पोटात कळा, बोलणं अडखळतं, तेव्हा कळतं. चावलेला हात-पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, आणि लस मिळेल अशा दवाखान्यात न्यायचं. ओल्या खाचरात राबल्यावर ताप आणि पोटऱ्या ठणकत असतील तर तो लेप्टो असू शकतो. तेही घरी अंगावर काढू नका.

खबरदारी सगळी आपल्या हातातली आहे. भारा उचलण्याआधी विळ्याच्या पाठीने एकदा पालथा करावा. शेणी आणि लाकडं हाताने चाचपून काढण्याऐवजी काठीने सरकवावीत. अंथरूण झटकावं, शक्यतो खाटेवर निजावं, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. पेंढ्यावर पोरं लोळतात ते बघायला छान वाटतं, पण जरा आवरा. शेताच्या कडेला निजवलेल्या तान्ह्याला साडीच्या झोळीत झाडाला टांगलेलं केव्हाही बरं. आणि एक गंमत सांगतो: नोटा तपासायला जो जांभळा टॉर्च मिळतो, त्याच्या उजेडात विंचू अंधारात हिरवट-निळा चमकतो. गटाने एक टॉर्च घेतला तर खळं, गोठा आणि ओटा रात्री एकदा फिरून बघता येतो.

उडवी घरापासून दोन हात लांब रचा, भिंतीला टेकवू नका. गरवं उरकलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे आहेत, जमीन सुकली तर ते उगवत नाहीत, त्यामुळे बियाणं आत्ताच निवडून, किडके दाणे काढून ठेवा.