मराठी किशोर परग्रहावर कधी जाणार?

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने देशोदेशींना एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह नाव ठेवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याचे नाव 'बिभा' ठरले, कणभौतिकीच्या संशोधक बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचे नाव 'संतमस'. ते सुचवले पुण्यातल्या एका १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने. हा ग्रह गुरूपेक्षा जड, सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर आणि आपल्या ताऱ्याभोवती दोन दिवसांच्या आसपास फेरी पुरी करणारा. त्याला नाव देणारा मुलगा महाराष्ट्रातला. पण अशा एखाद्या जगात जाऊन पोचलेली, तिथे भांडणारी, घाबरणारी, तग धरणारी मुले मराठी साहित्यात शोधू लागलो की हाती फार थोडे लागते.

सुरुवात मात्र लवकर झाली होती. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' मराठीत येऊ लागली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचाच करून टाकले. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही शीर्षके आजही साठीतल्या वाचकांच्या तोंडी असतात. पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची व्हर्नची मूळ कादंबरी १८६४ साली पॅरिसमध्ये निघाली, आणि त्याच साली आमच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. म्हणजे वाचणारा होता आणि पुस्तक मिळण्याची जागाही होती.

भागवतांचा फास्टर फेणे हा या परंपरेतला सर्वांत लाडका किशोर. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या शाळेतून निघून थेट काश्मीरपर्यंत पोचला. त्याच्या अंगात अंतराळवीराला लागणारे सगळे गुण होते: चटकन निर्णय, कळ सोसण्याची ताकद, मित्रासाठी जीव टाकणे. भागवतांनी एका हाताने फेणे लिहिला आणि दुसऱ्या हाताने व्हर्न मराठीत आणला, पण हे दोन हात एकत्र आले नाहीत. शेंडेनक्षत्रावर मुक्काम ठोकला तो परक्या मुलखातल्या मोठ्या माणसांनी; फेणे पृथ्वीवरच राहिला. मराठी किशोरसाहित्यातली ही फार मोठी हुकलेली संधी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर विज्ञानकथेचा खरा बहर आला तो मराठी विज्ञान परिषदेमुळे. १९६६ साली स्थापन झालेल्या या परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या वळणाची आवर्जून दखल घेतली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी ही वाट रुंद केली, आणि तिला वर्षानुवर्षे पाने दिली ती दिवाळी अंकांनी.

या कथांमधली रहदारी मात्र बहुतेक एकाच दिशेची आहे. परग्रहावरचा पाहुणा आपल्याकडे येतो. नारळीकरांच्या 'प्रेषित'मध्ये तर दुसऱ्या जगातले मूल पृथ्वीवर येऊन वाढते. त्या कादंबरीचे मोल मी जराही कमी करत नाही. परक्या घरात वाढणाऱ्या मुलाचे एकटेपण तिने मराठीत आणले. पण आपले मूल तिकडे गेले तर? अपवाद सापडतील, परंपरा सापडत नाही.

इतर भाषांनी हा प्रश्न हौसेने हाताळला. रॉबर्ट हाइनलाइनच्या 'टनेल इन द स्काय' (१९५५) या कादंबरीत शाळकरी मुलांना परीक्षेसाठी एका दारातून अनोळखी ग्रहावर सोडले जाते. परतीचे दार उघडतच नाही. मग मुलांना अन्न, पहारा, निवडणूक, कायदा सगळे स्वतः उभारावे लागते. अमेरिकेत अशी पुस्तके शाळांची ग्रंथालये विकत घेत, म्हणून ती लिहिली गेली. सोव्हिएत दिग्दर्शक रिचर्ड व्हिक्टोरोव यांच्या सत्तरच्या दशकातल्या दोन चित्रपटांत कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा तारकासमूहाकडे चक्क किशोरवयीन मुलांची तुकडी निघते. कारण साधे आहे: प्रवास इतका लांब की मोठी माणसे पोचेपर्यंत म्हातारी होतील.

हे कारण मला फार मोलाचे वाटते, कारण ते विज्ञानातून येते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने एवढे अंतर कापायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. याच ताऱ्याभोवती २०१६ साली एक ग्रह सापडला. तिथे कधी याहून कितीतरी वेगवान यानातून माणूस निघालाच, तरी घरातल्या लहानाला आधी बॅग भरावी लागेल. परग्रहाच्या गोष्टीत किशोर हवा, तो केवळ वाचक किशोर आहे म्हणून नव्हे.

मग आपल्याकडे हे का झाले नाही? एक कारण दिवाळी अंकातच आहे. दहा-पंधरा पानांत एक कल्पना मांडून शेवटी धक्का देता येतो. नवे जग वसवता येत नाही. त्या जगाची हवा, पाणी, रात्रीची लांबी, तिथली भीती यांना कादंबरीचीच ऐसपैस जागा लागते. दुसरे कारण असे की आपली विज्ञानकथा विज्ञानप्रसाराचे काम अंगावर घेऊन जन्मली, त्यामुळे कुणी तरी शास्त्रज्ञ समजावून सांगायला हवा, आणि तो प्रौढच असणार. शिवाय तेरा ते सोळा हे वय मराठी प्रकाशनव्यवहारात धड बालवाङ्मयात बसत नाही, धड मोठ्यांच्या कपाटात. घरोघरी त्या वर्षांत अवांतर वाचनाला दहावीचे कुलूप लागते.

मी कळव्यात राहतो. इथली मुले मला रोज दिसतात आणि परग्रहाच्या मोहिमेला ती अगदी लायक आहेत, असे मनापासून वाटते. समोर पारसिकचा डोंगर आहे, त्याच्या पोटात १९१६ साली खुला झालेला सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हाइनलाइनला कल्पावा लागला तसा बोगदा आमच्या शेजारी तयारच आहे. खाडीकाठची तिवरे, कारशेडमध्ये रात्री उभे असलेले रेक, डोंगरउतारावरच्या वस्तीत पाण्याच्या वेळा सांभाळणारी पोरे. तुटपुंजे पाणी कसे वाटून घ्यायचे हे त्यांना ग्रहावर जाऊन शिकावे लागणार नाही. पंधरा वर्षांचा मुलगा गल्लीतल्या गणेशमंडळाची वर्गणी जमवतो, हिशेब ठेवतो, भांडण मिटवतो, विसर्जनाला रस्ता अडणार नाही हे पाहतो. अनोळखी ग्रहावर वसाहत चालवायला आणखी कोणती पात्रता हवी? मुलीही हव्यातच; गच्चीवर दुर्बीण लावून बसणाऱ्या मुली ठाणे-डोंबिवलीत आहेत.

बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून महाराष्ट्रभर जाते. वाचनालये आहेत, विज्ञान परिषद आहे. म्हणून संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या दिवाळीला किमान एका अंकाने साठ-सत्तर पाने एकाच किशोर विज्ञानकादंबरीला द्यावीत. तिचे नायक आपल्या गावातले, आपल्या भाषेत बोलणारे असावेत आणि कोणत्याही काकांनी त्यांना सोडवायला येऊ नये. तेरा ते अठरा वयाच्या मुलांनीच लिहायची स्पर्धाही त्याच अंकात जाहीर करावी. आणि पालकांनो, ती कादंबरी आलीच, तर दहावी संपेपर्यंत ती कपाटात ठेवू नका.